गारठ्यात मॉडेल म्हणून उभं राहायचं तर मिनिटं मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिवाळ्यात उघड्यावर होणाऱ्या एका क्रिएटिव्ह फोटोग्राफी मीटअपला तुम्ही पहिल्यांदाच मॉडेल म्हणून जाताय. दहा-बारा फोटोग्राफर असतील, दुपारपासून अंधार पडेपर्यंत काम चालेल. विषय स्वप्नवत, पोशाख पातळ पांढरा लांब गाऊन. आत काय घालावं, थंडी किती वेळ सहन करावी, आणि संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभं करून फोटो काढायची एकाची इच्छा आहे, तिला हो म्हणावं का, हे तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं मॉडेल म्हणून उभी राहिले आणि आता अशी मीटअप भरवतेही, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

थंडी किती वेळ सहन करावी, इथूनच सुरुवात करते, कारण माझी चूक तिथेच झाली होती. पहिल्या हिवाळी शूटला मी एका तळ्याच्या काठी बिनबाह्यांच्या पोशाखात उभी होते. दर थोड्या वेळाने कोणीतरी विचारायचं, "ठीक आहेस ना?" आणि मी "हो" म्हणायचे. चाळीसएक मिनिटं अशी गेली. नंतर स्वतःच्या कोटाची बटणं मला लावता येईनात. बोटं होती, पण माझं ऐकत नव्हती. शूटमधल्या एका वयस्कर बाईंनी ती लावून दिली. पुढे फोटो हातात आले तेव्हा बहुतेकांत खांदे कानापर्यंत चढलेले, मान गायब, जबडा आवळलेला. जे मोजके फोटो चांगले होते त्यांच्या फायलींवर नोंदलेल्या वेळा मी पाहिल्या. सगळे पहिल्या सात-आठ मिनिटांतले. तेव्हापासून प्रत्येक हिवाळी शूटनंतर मी वेळा तपासते, आणि दर वेळी तेच दिसतं: उबेतून बाहेर आल्यावरची पहिली काही मिनिटं फोटो देतात. त्यानंतर क्लिक वाढत जातात, फोटो वाढत नाहीत.

याचा जिद्दीशी संबंध नाही. शरीराला आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायचं असतं. बाहेर गारठा असला की ते त्वचेकडच्या, हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं आणि ऊब पोटा-छातीकडे ठेवतं. म्हणून बोटं आधी आखडतात. मग मानेचे, खांद्यांचे स्नायू ताठतात, चेहरा कडक होतो, हुडहुडी भरते. हसू ओठांवर राहतं, डोळ्यांपर्यंत पोचत नाही. कॅमेऱ्याला हे सगळं दिसतं. तुम्ही कितीही खंबीर असलात तरी आखडलेला हात मऊ दिसत नाही.

तेव्हा सहनशक्तीचं माप काढू नका, घड्याळ लावा. पातळ पोशाखात सहा ते आठ मिनिटं बाहेर, मग निदान दहा मिनिटं पूर्ण झाकून, शक्य तर बंद जागेत. हे आयोजकांना आधी कळवा आणि वेळ राखायचं काम एका माणसाकडे सोपवा. तुम्ही स्वतः घड्याळ बघू नका, कारण थंडीत आणि कौतुकात दोन्हीकडे अंदाज चुकतो. वारा असेल तर मिनिटं आणखी कमी करा. हवा ५ अंश असली आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या त्वचेला ती ० अंशासारखी लागते. म्हणून जागा बघताना मी पार्श्वभूमीच्या आधी आडोसा बघते. भिंत, दाट झुडपांची रांग, उंचवट्याची मागची बाजू. बहुतेक वेळा वीस पावलं सरकलं की तोच देखावा मिळतो आणि वारा अर्धा होतो. फोटोग्राफर उबदार कपड्यांत असतो, त्याला हे सुचेलच असं नाही. तुम्ही सुचवा.

दुसरी गोष्ट, कोट धरायला एक माणूस ठरवा. मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. लांब, जाड, पटकन अंगावर टाकता येईल असं जाकीट घेऊन तो माणूस फ्रेमच्या अगदी कडेला उभा राहतो आणि "झालं" म्हणताच तीन सेकंदांत ते तुमच्या खांद्यांवर असतं. कॅमेरा तपासायला, लेन्स बदलायला, रिफ्लेक्टर सरकवायला जी दोन-दोन मिनिटं जातात, त्यांतच मॉडेल गारठते, प्रत्यक्ष फोटोत नाही. सोबत आणलेली मैत्रीण किंवा भाऊ हे काम उत्तम करतो. सोबत कोणी न्यावं असं मी तसंही सांगतेच. जिथे सोबत आणायला मनाई करतात, तिथे जाऊ नका.

आता कपडे. गाऊन लांब आहे हे फार बरं. तो एक माप मोठा घ्या किंवा पाठीत चिमटे लावून बसवता येईल असा घ्या, म्हणजे आत जागा राहते. अंगाला लागून सुती कपडा नको. सूत घाम आणि ओल धरून ठेवतं आणि ओलं झालं की ऊब सोडतं. पातळ लोकरीचं किंवा थर्मलचं आतलं घ्या, त्वचेच्या रंगाजवळ जाणारं. पांढऱ्या पातळ कापडाखाली पांढरं थर्मल उलट जास्त उठून दिसतं, त्वचेच्या रंगाचं दिसत नाही. गळा खोल असेल तर जुन्या थर्मलचा गळा कापून टाका, बाह्या कापा, पण धड झाकलेलं राहू द्या. धड गरम असलं की शरीर हातांकडे रक्त सोडायला तयार असतं. नुसते हातमोजे घालून हात गरम राहत नाहीत, ते यामुळेच. पायांत एकावर एक दोन त्वचारंगी टाइट्स. घरी खिडकीच्या उजेडात आणि एकदा फोनच्या फ्लॅशमध्ये फोटो काढून काय दिसतं ते आधी पाहून घ्या. फ्लॅश पातळ कापडाच्या आरपार जातो आणि डोळ्यांना न दिसलेली शिवण दाखवतो.

अनवाणी पायांचा आग्रह होईल, स्वप्नवत म्हटलं की होतोच. फ्रेम घोट्याच्या वर कापली जात असेल तर बूट घाला, विचारूही नका. पाय खरंच दिसणार असतील तर त्या चार फोटोंपुरतेच उघडे. एक फोमची चटई सोबत ठेवा आणि फोटो नसेल तेव्हा तिच्यावर उभ्या राहा. थंड जमीन पायांतून ऊब ओढून घेते. बिनबंदांचे, दोन मापं मोठे, आतून लोकरीचे बूट चटईशेजारी असू द्यात, म्हणजे वाकून नाड्या बांधत बसावं लागत नाही. बधिर बोटांनी नाडी बांधणं फार अवघड जातं.

हात गरम ठेवायच्या ज्या पुड्या मिळतात, त्यांत लोखंडाची भुकटी असते. हवेतल्या प्राणवायूने ती गंजते आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून त्या वापरण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी उघडून ठेवा. घट्ट बंद खिशात हवा मिळाली नाही तर त्या मंदावतात. कमरेच्या मागे, थर्मलच्या बाहेरून एक, आणि जाकिटाच्या खिशांत दोन. उघड्या त्वचेवर कधीही नाही. बधिर त्वचेला चटका कळत नाही आणि भाजल्याचं घरी आल्यावर लक्षात येतं.

शूटच्या तास-दीड तास आधी पोटभर खा. उपाशी शरीराला ऊब तयार करायला इंधन कमी पडतं. पाणीही प्या. थंडीत तहान जाणवत नाही आणि गाऊन सांभाळत स्वच्छतागृहात जायचा कंटाळा म्हणून मॉडेल्स पाणी टाळतात, ही मी वारंवार पाहिलेली गोष्ट आहे. "ऊब यायला" म्हणून कोणी मद्य पुढे केलं तर नको म्हणा. त्याने त्वचेकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, गरम वाटतं, पण ऊब बाहेर जात असते. शिवाय अनोळखी माणसांत तुमची शुद्ध पूर्ण हवी.

थांबायचं कधी? हुडहुडी भरली की ती फेरी संपली, मग कितीही सुंदर उजेड असो. बोलताना शब्द अडखळू लागले, हात भलतीकडे जाऊ लागले, गोंधळल्यासारखं झालं, किंवा खूप कुडकुडत असताना कुडकुडणं आपोआप थांबलं आणि अजून ऊब आलेली नाही, तर तो दिवस संपला. आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की वैद्यकीय मदत लागते, आणि ज्याचं तापमान घसरतंय त्याला स्वतःला ते शेवटी कळतं. म्हणून कोट धरणाऱ्या माणसाला ही लक्षणं आधी सांगून ठेवा आणि शूट थांबवायचा अधिकार त्याला द्या. बोटं किंवा नाकाचं टोक पांढरं, मेणासारखं, बधिर झालं तर चोळू नका, शेकोटीपाशीही धरू नका. उबदार जागी जा, कोमट ऊब द्या, आणि संवेदना परत आली नाही तर डॉक्टरांना दाखवा. थंडीत तुमची बोटं एरवीही पांढरी-निळी पडत असतील किंवा दमा असेल तर आयोजकांना आधीच सांगा. यात संकोच कसला!

चेहऱ्याचं थोडक्यात. पावडरचा मेकअप कोरड्या त्वचेवर पापुद्रे दाखवतो, क्रीमचा बरा. नाक लाल होणारच, त्याखाली हलकी हिरवी छटा देऊन वर फाउंडेशन लावलं की लाली दबते. तरीही राहिली तर फोटोग्राफरला कृष्णधवल करून बघायला सांगा. रूपांतर करताना लाल रंग उजळवला की लाली त्वचेत मिसळून जाते. मस्कारा पाण्याने न ओघळणारा, कारण वाऱ्याने डोळे भरून येतात. त्यावर साधा उपाय आहे: डोळे मिटून उभ्या राहा, फोटोग्राफर तीन मोजेल, तिसऱ्याला उघडा. डोळे ताजे दिसतात, पापण्या फडफडत नाहीत. हात लालभडक दिसत असतील तर फोटोआधी काही सेकंद डोक्याच्या वर धरा, शिरा रिकाम्या होतात, मग पोझमध्ये आणा.

श्वासाबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण हिवाळ्याने दिलेली ही एकमेव फुकटची जादू आहे. तोंडातून निघणारी वाफ समोरून उजेड पडला तर जवळजवळ दिसत नाही. उजेड मागून किंवा बाजूच्या मागून आला आणि पाठीमागे काळोखी झाडी किंवा सावलीतली भिंत असली की ती चांदीसारखी पेटते. कोमट पाण्याचा घोट घ्या, "हा" म्हणत घशातून हळू सोडा. फुंकर मारू नका, फुंकरीने वाफ लगेच विरते आणि गाल फुगलेले येतात. फोटोग्राफरला सलग फोटो घ्यायला सांगा, कारण वाफेचा आकार पुन्हा तसा येत नाही. चांगली फ्रेम बहुधा श्वास सुटून अर्धा सेकंद झाल्यावर मिळते, तेव्हा ओठ पुन्हा स्थिरावलेले असतात आणि वाफ चेहऱ्यापासून थोडी पुढे गेलेली असते. वाफ नकोच असेल तर पूर्ण श्वास सोडा आणि पुढचा घेण्याआधीच्या त्या क्षणी क्लिक.

उजेडाचंही बघून ठेवा. हिवाळ्यात सूर्य खालून चालतो, त्यामुळे मऊ तिरका प्रकाश उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ मिळतो. पण दिवस लहान आणि शेवटची घसरण जोरात. सूर्य टेकला की तापमान झपाट्याने उतरतं. सगळ्यात उघडा पोशाख आणि सगळ्यात अवघड पोझ दुपारीच उरकून घ्या, संध्याकाळसाठी झाकलेले पोशाख ठेवा. फोटोग्राफर सहसा उलट मागतील, कारण त्यांना संध्याकाळचा रंग हवा असतो. सावलीत प्रकाश निळसर असतो आणि गारठलेली त्वचा त्यात आजारी दिसते, हे त्यांना सांगा, पटतं. बर्फ पडलेला असेल तर तो खालून उजेड फेकतो, हनुवटीखालची सावली नाहीशी होते, डोळे मात्र दिपतात. चमकदार बर्फावर सनस्क्रीन लावायलाच हवं.

"क्रिएटिव्ह" म्हटलं की प्रकाशाने रेघोट्या काढणं येतंच. यात कॅमेऱ्याचं शटर दहा-वीस सेकंद उघडं राहतं, कोणीतरी तुमच्यामागे दिवा फिरवतं आणि तुम्ही हलायचं नसतं. कुडकुडत हे होत नाही. तेव्हा सुरुवातीला एकदा फ्लॅश उडवायला सांगा. फ्लॅशचा उजेड इतका क्षणिक असतो की थरथर टिपली जात नाही, चेहरा स्पष्ट येतो, आणि पुढच्या सेकंदांत तुमच्यावर उजेड पडला नाही तर थोडं हललं तरी चालतं. पाठीला टेकायला झाडाचं खोड किंवा काठी मिळाली तर आणखी बरं. पेटलेल्या स्टील वूलच्या, म्हणजे पोलादाच्या केसासारख्या बारीक तारांच्या गुंत्याच्या, ठिणग्यांचा प्रकार असेल तर तुम्ही लांब, पाणी आणि अग्निशामक जवळ, आणि भोवती सुकं गवत-पानं नकोत. तुमचा गाऊन कृत्रिम धाग्याचा असेल तर ठिणगीने तो वितळून त्वचेला चिकटतो. अशा फ्रेममध्ये मी मॉडेलला उभीच करत नाही. ठिणग्या वेगळ्या, मॉडेल वेगळी, दोन फोटो नंतर जोडता येतात.

आता गर्दीचं. दहा कॅमेरे एकदम समोर आले की दहा बाजूंनी "इकडे बघ" सुरू होतं, आणि नजर सैरभैर झालेला चेहरा कोणालाच मिळत नाही. मी भरवते तिथे दोन-दोन फोटोग्राफरना ठरावीक वेळ देते. तसं जमत नसेल तर नजर डावीकडून उजवीकडे क्रमाने फिरवा, प्रत्येक लेन्सवर दोन श्वास थांबा, आणि हे आधी मोठ्याने जाहीर करा. लोक आपली पाळी शांतपणे बघतात, ओरडा बंद होतो. आणि हे तुमच्या मिनिटांच्या हिशोबात सगळ्यात मोठी बचत करतं. पोझ लावायला अंगाला हात लावायचा नाही, शब्दांनी किंवा स्वतः करून दाखवायचं, हा नियमही पहिल्याच मिनिटाला सांगा. "केसाची बट सरकवू का?" असं विचारलं तर ठीक, न विचारता नाही. कपडे बदलायची जागा बंद होणारी आहे का आणि ती शूटच्या जागेपासून किती लांब आहे, हे आदल्या दिवशी विचारा. उत्तर मोघम आलं तर एकच पोशाख न्या आणि घरून घालूनच निघा.

कागदाचं एकच सांगते. अशा मीटअपमध्ये बहुधा पैशांऐवजी फोटोंची देवाणघेवाण असते आणि तुमच्याकडून वापराच्या परवानगीवर सही घेतली जाते. ती सही शूट संपल्यावर, काकडलेल्या बोटांनी, घरी पळायच्या घाईत करू नका. मजकूर आधी मागवून घ्या, उबेत बसून वाचा. फोटो किती मिळणार, कधीपर्यंत, कुठे छापले जाणार, विकले जाऊ शकतात का, कितपत बदलले जाणार, एवढं त्यात असावं. फोटोत आपण आहोत म्हणून फोटो आपला होत नाही. बहुतेक ठिकाणी हक्क काढणाऱ्याकडे असतो, आणि तुमच्या हातात जे राहतं ते त्या कागदात लिहिलेलं.

शेवटी तुमचा पाण्याचा प्रश्न. माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते तुम्ही आजच कळवा, त्या दिवशी काठावर उभं राहून नको. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची ऊब ओढतं. गुडघाभर पाण्यात गाऊन भिजला की तो कमरेपर्यंत ओल चढवतो, मग बाहेर आल्यावरही वाऱ्यात तुम्ही गारठतच राहता. संध्याकाळ, निसरडा तळ, बधिर पाय, पायात गुंडाळलेलं कापड, आणि पडलात तर थंड पाण्याने अचानक श्वास ओढला जातो, तो कधीकधी पाण्याखाली. उन्हाळ्यात हीच कल्पना मी आनंदाने करीन.

पण नुसतं नाही म्हणू नका, त्यांना हवं ते दुसऱ्या वाटेने द्या. त्यांना खरं तर पाण्यातलं प्रतिबिंब हवंय. बंद केलेल्या फोनची काळी काच किंवा छोटा आरसा लेन्सच्या अगदी खालच्या कडेला आडवा टेकवला की फ्रेमच्या खालच्या भागात तुमचं उलटं रूप उतरतं आणि तळ्याकाठी उभ्या असल्यासारखं दिसतं. काच थोडी खाली-वर केली की "पाण्याची" रेघ सरकते. काचेवर दोन थेंब टाकले तर ती रेघ थरथरते आणि पाणी आणखी खरं वाटतं. तुम्ही कोरड्या चटईवर, आत थर्मल, पायात मोठे बूट, आणि फ्रेम गुडघ्यावर कापलेली. आदल्या आठवड्यात घरी फोनच्या कॅमेऱ्याने कोणाला तरी उभं करून हे करून बघा, दुसरा फोन काच म्हणून धरा. जमलेला एक नमुना त्या फोटोग्राफरला पाठवा आणि सोबत लिहा की पाण्यात उतरणार नाही, पण हे करायला मला फार आवडेल.